डिजिटल टेलिफोन जाळ्यात कॉलचा प्रकार कसा कळवतात? बेअरर केपेबिलिटी, टीएमआर आणि वाटेत होणारे घोटाळे

तारवाला (धागाकर्ता)

पीआरआय (अनेक कॉल एकदम नेणारी डिजिटल टेलिफोन लाइन) काढून सिप ट्रंक (आयपीवरून कॉल नेणारी जोडणी) घेण्याचं काम बऱ्याच कार्यालयांत चालू आहे आणि त्यासोबत एकच तक्रार ऐकू येते: बोलणं व्यवस्थित होतं, पण फॅक्स अर्धवट जातो, अलार्म पॅनेल लागत नाही, डेटा कॉल जोडला जातो पण माहिती काही येत नाही. लोक केबल तपासतात, मोडेम बदलतात. मूळ मात्र बऱ्याचदा सेटअप मेसेजमधल्या, म्हणजे कॉल सुरू करणाऱ्या पहिल्या निरोपातल्या, तीन-चार ऑक्टेटमध्ये (आठ-आठ बिटांच्या तुकड्यांत) असतं, आणि तिथे कुणी बघत नाही. म्हणून हा धागा.

डिजिटल जाळ्यात प्रत्येक कॉलला ६४ किलोबिटचा एक टाइमस्लॉट मिळतो. पण त्यातून आवाज जाणार आहे, मोडेमचे सूर जाणार आहेत की निव्वळ बिट, हे एक्स्चेंजला आपोआप कळत नाही. ते कॉल करणाऱ्या यंत्रानेच आधी सांगायचं असतं. आयएसडीएनमध्ये (ग्राहकापर्यंत डिजिटल असलेल्या टेलिफोन सेवेत), म्हणजे तिच्या क्यू.९३१ या सिग्नलिंग मानकात, हे सांगण्याची जागा आहे 'बेअरर केपेबिलिटी'. सेटअप मेसेजमध्ये हा घटक सक्तीचा आहे. नसेल तर कॉल 'कारण ९६' या नकाराच्या आकड्याने परत येतो.

पीआरआयवरच्या साध्या कॉलची सुरुवात अशी दिसते (सगळे आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर; ए ते एफ ही अक्षरं मी देवनागरीत लिहितोय):

०८ ०२ ०० ०१ ०५ ०४ ०३ ८० ९० ए३ १८ ०३ ए९ ८३ ८१ …

०८ हा प्रोटोकॉल, ०२ ०० ०१ हा कॉल रेफरन्स, ०५ म्हणजे सेटअप. मग ०४ ला बेअरर केपेबिलिटी सुरू होते, ०३ ही तिची लांबी, आणि ८० ९० ए३ हा सगळा ऐवज. त्यापुढचा १८ हा कोणता चॅनेल हवा ते सांगतो. सुटे करून पाहू.

पहिला ऑक्टेट, ८०. वरचा बिट १ (म्हणजे हा ऑक्टेट इथेच संपला), पुढचे दोन बिट ०० (आयटीयूची संकेतपद्धती), आणि खालच्या पाच बिटांत खरा प्रकार:
८० – स्पीच, म्हणजे माणसाचं बोलणं
८८ – अनरिस्ट्रिक्टेड डिजिटल, यापुढे यूडीआय. बिटाला हात लावायचा नाही
८९ – रिस्ट्रिक्टेड डिजिटल, सलग आठ शून्यांचा ऑक्टेट चालत नाही
९० – ३.१ किलोहर्ट्झ ऑडिओ: मोडेम, फॅक्स, सूर
९१ – टोन आणि घोषणांसह यूडीआय. जुन्या आवृत्तीत याचं नाव ७ किलोहर्ट्झ ऑडिओ होतं

दुसरा ऑक्टेट, ९०. सर्किट पद्धत, वेग ६४ किलोबिट. ३८४ किलोबिट हवे असतील तर इथे ९३ येतो.

तिसरा, ए३. आवाज ए-लॉ पद्धतीने बिटांत बदललाय. अमेरिका आणि जपानमध्ये म्यू-लॉ असल्यामुळे तिथे ए२ दिसेल. साध्या यूडीआय कॉलला हा ऑक्टेट लागतच नाही, म्हणून तिथे फक्त ०४ ०२ ८८ ९० एवढंच असतं.

स्पीच आणि ३.१ किलोहर्ट्झ ऑडिओ यांत पट्टा तोच, ए-लॉ तोच, टाइमस्लॉट तोच. फरक आहे तो जाळ्याला दिलेल्या परवानगीचा. 'स्पीच' म्हटलं की वाटेतलं कुठलंही यंत्र आवाज दाबू शकतं, शांततेचे तुकडे गाळू शकतं, इको काढू शकतं. '३.१' म्हटलं की आत मोडेमचे सूर असू शकतात हे धरून वागावं लागतं. आणि 'यूडीआय' म्हटलं की इको कॅन्सलर, ए-लॉ ते म्यू-लॉ बदल, आवाज कमी-जास्त करणारे डिजिटल पॅड हे सगळं त्या कॉलपुरतं बंद करावं लागतं. यातलं एक जरी चालू राहिलं तरी कॉल जोडलेला दिसेल आणि माहिती मात्र कचरा येईल.

मधल्या ट्रंकांचं, म्हणजे एक्स्चेंज ते एक्स्चेंज जोडण्यांचं, कुणीतरी लिहा. मी इथवर सबस्क्रायबरच्या लाइनपुरतंच बोललो.

---

रेवदंडा

उत्तम सुरुवात. अमेरिकेकडे जाणाऱ्या डेटा कॉलचा मुद्दा जोडतो, कारण ट्रेसमध्ये (सिग्नलिंगच्या नोंदीत) तो वेगळा दिसतो.

तिथे तुम्हाला ०४ ०४ ८८ ९० २१ ८एफ असा घटक भेटेल. ८८ ९० पर्यंत सगळं ओळखीचं. २१ म्हणजे व्ही.११० पद्धतीने वेग जुळवलाय. वरचा बिट शून्य आहे, म्हणून पुढे आणखी एक ऑक्टेट येतो. तो ८एफ म्हणजे ५६ किलोबिट. थोडक्यात: "यूडीआय हवं, पण प्रत्यक्ष वापर ५६ चाच."

हे ५६ आलं टी१ मधून, म्हणजे अमेरिकेतल्या डिजिटल ट्रंकमधून. तिथल्या जुन्या सिग्नलिंगमध्ये दर सहाव्या फ्रेमला प्रत्येक चॅनेलचा सर्वांत खालचा बिट चोरून त्यात रिंग, हँग-अप वगैरे पाठवत. बोलण्यात तो फरक कानाला कळत नाही. डेटात कळतो, आणि वाटेत तीन एक्स्चेंज लागली तर तिघांच्या चोरीच्या फ्रेम वेगवेगळ्या असतात. कोणता बिट खराब झालाय हे शेवटच्या यंत्राला सांगता येत नाही. म्हणून आठवा बिट कायमचाच सोडून द्यायचा: ७ बिट गुणिले ८००० फ्रेम, झाले ५६,०००. शिवाय जुन्या एएमआय लाइन-संकेतावर सलग शून्यं आली की क्लॉक सुटायचं, त्यातून ते 'रिस्ट्रिक्टेड' प्रकरण आलं. बी८झेडएस हा नवा लाइन-संकेत आल्यावर तो प्रश्न मिटला.

आपल्याकडे आणि युरोपात ई१ आहे: ३२ टाइमस्लॉट, सिग्नलिंगला १६ वा राखीव, लाइनवर एचडीबी३. बिटचोरी नाही, त्यामुळे ६४ स्वच्छ मिळतात.

घोटाळा होतो तो एक टोक ६४ समजतं आणि दुसरं ५६ तेव्हा. कॉल जोडला जातो, बिल चालू होतं, पण डेटाची (पीपीपीची) एकही फ्रेम चूक-तपासणीत (सीआरसीत) पास होत नाही. सिस्कोच्या राउटरवर डायलर मॅपमध्ये 'स्पीड ५६' लिहायची सोय यासाठीच आहे, आणि येणाऱ्या कॉलसाठी 'आयएसडीएन नॉट-एंड-टू-एंड ५६' ही ओळ. मंद चालतंय अशी तक्रार इथे कधीच येत नाही. एक तर पूर्ण चालतं, नाहीतर शून्य.

---

मध्यरात्र

ट्रंकांचं मी लिहितो.

एक्स्चेंज ते एक्स्चेंज क्यू.९३१ चालत नाही. तिथे सिग्नलिंग सिस्टीम ७ आणि तिचा आयएसयूपी हा भाग. कॉलचा पहिला मेसेज आयएएम. त्यात ठरावीक जागी सक्तीचे चार घटक असतात: सर्किटचं स्वरूप, फॉरवर्ड कॉल इंडिकेटर, कॉल करणाऱ्याचा वर्ग आणि ट्रान्समिशन मीडियम रिक्वायरमेंट, म्हणजेच टीएमआर. सोबत अर्थातच डायल केलेला नंबर.

टीएमआर हा अवघा एक ऑक्टेट:
० – स्पीच
२ – ६४ किलोबिट यूडीआय
३ – ३.१ किलोहर्ट्झ ऑडिओ
६ – ६४ किलोबिट मिळाले तर बरं, नाहीतर कमी चालेल
७ – २ × ६४
८ – ३८४ किलोबिट
९ – १५३६, १० – १९२०

मधलं एक्स्चेंज मार्ग निवडताना बघतं ते टीएमआर. सबस्क्रायबरने पाठवलेली मूळ बेअरर केपेबिलिटी 'युझर सर्व्हिस इन्फर्मेशन' नावाच्या वेगळ्या ऐच्छिक घटकात (कोड १डी) जशीच्या तशी पुढे जाते. ती शेवटच्या एक्स्चेंजसाठी असते. म्हणजे दोन प्रती: एक जाळ्याने वाचायची, एक टोकाच्या यंत्राने. ५६ किलोबिट, व्ही.११० वगैरे बारकावे टीएमआरमध्ये मावत नाहीत, ते दुसऱ्या प्रतीत राहतात. अमेरिकी आयएसयूपीत टीएमआर नाहीच. तिथे युझर सर्व्हिस इन्फर्मेशनच सक्तीची आहे, म्हणून अटलांटिक ओलांडताना आंतरराष्ट्रीय गेटवेला एकाचं दुसऱ्यात रूपांतर करावं लागतं.

प्रकार कळल्यावर एक्स्चेंज काय करतं, तर फॉरवर्ड कॉल इंडिकेटरमध्ये आयएसयूपीची पसंती लिहितं. स्पीचला 'पूर्ण वाटभर असल्यास बरं' किंवा 'गरज नाही'. यूडीआयला 'पूर्ण वाटभर हवंच'. दुसऱ्या बाजूला एखादा जुना आर२ ट्रंक (सुरांनी सिग्नल देणारा) असेल तर यूडीआय कॉल त्यावर टाकायचा नाही, कारण आर२ मध्ये बेअररची कल्पनाच नाही. तिथे फार तर गट २ मधला सूर ६ किंवा ८, म्हणजे 'हा डेटा कॉल आहे', एवढंच सांगता येतं.

यावरून एक गैरसमज निघतो. आयएसयूपीतल्या कॉल करणाऱ्याच्या वर्गातही 'डेटा कॉल' (०सी) अशी किंमत आहे. ती घातली म्हणजे ६४ किलोबिट मिळतील असं काही जण धरतात. नाही मिळत. वर्ग म्हणजे *कोण* बोलतंय: सामान्य ग्राहक ०ए, प्राधान्यवाला ०बी, चाचणी ०डी, सार्वजनिक फोन ०एफ. बेअरर म्हणजे *काय* वाहायचंय. रूटिंग टेबलात हे दोन एकमेकांत मिसळले की महिनोन्‌महिने न सापडणारे दोष तयार होतात.

साध्या ॲनालॉग फोनवरून निघालेल्या कॉलला एक्स्चेंज स्वतः बेअरर लावतं, आणि तो ३.१ ऑडिओ असतो, 'स्पीच' नव्हे. कारण त्या तारेवर फोन आहे की फॅक्स हे एक्स्चेंजला माहीत नसतं. समोरच्या आयएसडीएन टोकाला हाच कॉल प्रोग्रेस इंडिकेटर ३ घेऊन पोचतो, 'मूळ ठिकाण आयएसडीएन नाही' असं सांगत.

---

पिंपळपान

खूप उपयोगी. आता एक प्रत्यक्षातला प्रश्न. ईपीएबीएक्स (कार्यालयातलं स्वतःचं छोटं एक्स्चेंज) पीआरआयवर आहे, ॲनालॉग एक्स्टेंशनला फॅक्स मशीन जोडलंय. स्थानिक नंबरांना फॅक्स व्यवस्थित जातात. परदेशी काही नंबरांना हँडशेक होतं, पहिलं पान अर्ध्यावर तुटतं. आणि एका ठिकाणी तर रिंगही न होता कॉल कापला जातो. हे दोन्ही बेअररमुळे असेल का? तपासायचं कसं?

---

तारवाला

@पिंपळपान, दोन वेगळे दोष दिसतात. दुसरा आधी घेऊ, तो सोपा आहे.

रिंग न होता कॉल कापला जातो तेव्हा कारण लेखी मिळतं. डी चॅनेलचा (सिग्नलिंगच्या चॅनेलचा) ट्रेस लावा. सिस्कोवर 'डीबग आयएसडीएन क्यू९३१', ॲस्टरिस्कवर 'पीआरआय सेट डीबग ऑन स्पॅन १'. ईपीएबीएक्स असेल तर देखभाल करणाऱ्याकडून लेअर ३ चा ट्रेस मागून घ्या. रिलीज किंवा डिसकनेक्टमध्ये ०८ ने सुरू होणारा घटक शोधा. तेच कारण. उदाहरणार्थ:

०८ ०२ ८२ सी१ – कारण ६५, हा बेअरर इथे राबवलेलाच नाही
०८ ०२ ८२ बी९ – कारण ५७, तुमच्या लाइनला या बेअररची परवानगी नाही
०८ ०२ ८४ बीए – कारण ५८, बेअरर सध्या उपलब्ध नाही
०८ ०२ ८० डी८ – कारण ८८, समोरचं यंत्र या प्रकाराशी जुळत नाही
शेवटी सी६ – कारण ७०, फक्त रिस्ट्रिक्टेड डिजिटल मिळेल

मधल्या ऑक्टेटचे खालचे चार बिट 'कुणी नाकारलं' ते सांगतात. ० समोरचा वापरकर्ता, २ तुमच्या बाजूचं सार्वजनिक जाळं, ३ मधलं जाळं, ४ पलीकडच्या बाजूचं सार्वजनिक जाळं, ७ आंतरराष्ट्रीय, १० म्हणजे इंटरवर्किंगच्या पलीकडचं. तक्रार नोंदवण्याआधी हा आकडा वाचलाच पाहिजे. ८२ आलं तर तुमच्या सेवा पुरवठादाराकडे जायचं. ८० आलं तर त्याच्याकडे जाऊन उपयोग नाही, समोरच्याचं यंत्र बघावं लागेल.

५७ आणि ६५ मधला फरकही ध्यानात ठेवा. ५७ ला एक्स्चेंजमध्ये तुमच्या नंबराच्या नोंदीत सेवा जोडून घ्यावी लागते, काम पाच मिनिटांचं. ६५ ला तिथे ती क्षमताच नाही, त्यामुळे कितीही अर्ज केले तरी मार्ग बदलावा लागतो.

आता पहिला दोष, पान अर्ध्यावर तुटणं. तुमच्या ट्रेसमध्ये फॅक्सच्या कॉलला ८० ९० ए३ दिसतंय का ९० ९० ए३ ते बघा. माझा अंदाज ८०. बरेच ईपीएबीएक्स सगळ्या ॲनालॉग एक्स्टेंशनना सरसकट 'स्पीच' लावतात. स्थानिक कॉल एकाच एक्स्चेंजमधून जातो, दोन्ही सारखेच वागवले जातात, म्हणून फॅक्स चालतो. परदेशी मार्गावर सर्किट वाढवणारी यंत्रं बसलेली असतात, ती स्पीचला ३२ किलोबिट किंवा त्याहून खाली दाबतात. १४,४०० किंवा ९,६०० चा फॅक्स त्यात टिकत नाही. सुरुवातीचं हँडशेक ३०० बिटच्या वेगाने होतं, म्हणून तेवढं पार पडतं आणि दोष मशीनचा वाटतो.

उपाय: त्या एक्स्टेंशनच्या सेवावर्गात 'फॅक्स' किंवा '३.१ ऑडिओ' निवडा. मग पुन्हा ट्रेस घेऊन ९० ९० ए३ खरंच बाहेर पडतंय याची खात्री करा. नुसत्या मेनूवर विश्वास ठेवू नका. सिस्कोच्या व्हॉइस पोर्टवर 'बेअरर-कॅप ३१००हर्ट्झ', ॲस्टरिस्कमध्ये डायलच्या आधी चॅनेलची ट्रान्सफर-केपेबिलिटी '३के१ऑडिओ' अशी ठरवून द्यायची.

---

रेवदंडा

वरच्यात भर: प्रोग्रेस इंडिकेटरही वाचा. १ई ने सुरू होणारा घटक. शेवटी ८१ असेल तर कॉल टोकापासून टोकापर्यंत आयएसडीएन राहिला नाही. ८२ असेल तर समोरचं टोक आयएसडीएन नाही. ८८ म्हणजे आता लाइनवर काहीतरी ऐकू येईल, घोषणा किंवा टोन. यूडीआय कॉलला ८१ किंवा ८२ आला तर 'कनेक्ट' झालं तरी आनंद मानू नये. वाटेत कुठेतरी बिटांचा आवाज झालेला आहे.

---

आर्द्रा

बीआरआयच्या (घर-दुकानातल्या छोट्या आयएसडीएन लाइनच्या) बाजूने लिहिते, कारण तिथे बेअरर फक्त मार्ग ठरवत नाही, कोणतं यंत्र वाजणार तेही ठरवतो.

एस बसवर (ग्राहकाकडच्या सामाईक तारेवर) आठपर्यंत यंत्रं. येणारा सेटअप सगळ्यांना एकदमच ऐकू येतो. प्रत्येक यंत्र तीन गोष्टी तपासतं: नंबर (एमएसएन) माझा आहे का, बेअरर मला झेपतो का, आणि हाय लेअर कम्पॅटिबिलिटी आली असेल तर ती जुळते का. न जुळणारं यंत्र गप्प बसतं किंवा कारण ८८ पाठवतं. सगळेच गप्प बसले तर एक्स्चेंजचा टी३०३ टायमर ४ सेकंदांनी संपतो, सेटअप एकदा पुन्हा जातो, आणखी ४ सेकंदांनी कारण १८, कुणी उत्तर दिलं नाही. म्हणजे लाइन जिवंत, यंत्रं चालू, आणि समोरच्याला आठ सेकंदांच्या शांततेनंतर कॉल तुटल्याचा सूर. असं दिसलं की आधी एमएसएन आणि सेवाप्रकार तपासायचा. तारांकडे नंतर.

हाय लेअर कम्पॅटिबिलिटी म्हणजे ७डी ०२ ९१ ८१ टेलिफोनी, ७डी ०२ ९१ ८४ फॅक्स गट २/३. कागदावर छान: फॅक्स फॅक्सलाच लागेल, फोन फोनलाच. व्यवहारात ॲनालॉग तारेवरून आलेल्या कॉलबरोबर हा घटक येतच नाही, कारण तो लिहिणारं कुणी नसतं. म्हणून टर्मिनल ॲडॅप्टर (साधं यंत्र आयएसडीएनला जोडणाऱ्या पेट्या) सहसा 'घटक नसेल तर स्वीकारा' असं वागतात.

यातून नेमका उलटा दिसणारा एक दोष निघतो: साध्या लाइनवरून आलेले फॅक्स मिळतात, पण एखाद्या मोठ्या कंपनीच्या आयएसडीएन ईपीएबीएक्सवरून पाठवलेले मिळत नाहीत. कारण तो ईपीएबीएक्स फॅक्सच्या एक्स्टेंशनलाही ९१ ८१, टेलिफोनी, असा शिक्का मारतो आणि आपला ॲडॅप्टर 'फॅक्स' पोर्टवर टेलिफोनी नाकारतो. ॲडॅप्टरचा पोर्ट 'फॅक्स' ऐवजी 'कॉम्बी' किंवा 'न्यूट्रल' करून त्याला स्वतंत्र एमएसएन द्या. फॅक्स आणि फोन एकाच एमएसएनवर ठेवून या घटकावर भिस्त ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे.

लो लेअर कम्पॅटिबिलिटी (७सी) हा तिसरा घटक. टोकाची दोन यंत्रं आपसात व्ही.१२० की व्ही.११० हे ठरवण्यासाठी वापरतात. जाळ्याने तो वाचायचा नसतो, पोचवायचा असतो. आयएसयूपीमधून हे दोन्ही घटक ॲक्सेस ट्रान्सपोर्टमध्ये बसून जातात.

---

पिंपळपान

ट्रेस पाहिला. फॅक्सला ८० ९० ए३ च होतं. रिंग न होता कापला जाणारा कॉल ०८ ०२ ८० डी८ देतोय, म्हणजे समोरचं यंत्र. एक्स्टेंशनचा वर्ग बदलून ९० ९० ए३ बाहेर पडतंय. परदेशी पानं पूर्ण जायला लागली. कापला जाणारा मात्र अजून तसाच.

---

आर्द्रा

@पिंपळपान, त्याच सेटअपमध्ये ७डी शोधा. बेअरर बदलूनही ९१ ८१ राहिलं असेल तर ईपीएबीएक्सला हाय लेअर घटक पाठवणं बंद करायला सांगा किंवा ९१ ८४ करा. बहुतेक प्रोग्रॅमिंगमध्ये तो वेगळ्या ठिकाणी असतो, बेअररबरोबर आपोआप बदलत नाही.

---

सह्यवारा

मोबाइलकडे हीच गोष्ट जरा वेगळी घडते, आणि फार विचारपूर्वक घडवलेली आहे.

जीएसएममध्येही सेटअप आहे, बेअरर केपेबिलिटी आहे, घटकाचा कोडही ०४ च. पण आतली रचना वेगळी. प्रकाराला तीनच बिट: ० स्पीच, १ यूडीआय, २ ३.१ ऑडिओ, ३ गट ३ फॅक्स. रेडिओवर ६४ किलोबिट ए-लॉ जात नाही, कोडेकमधून दाबलेला आवाज जातो, आणि त्यातून मोडेमचे सूर अजिबात पार होत नाहीत. म्हणून मोबाइलवरच्या '३.१ ऑडिओ' चा अर्थ असा: रेडिओवर बिट पाठवा, आणि मोडेमचे सूर स्विचिंग सेंटरमधल्या इंटरवर्किंग यंत्राने तयार करून लँडलाइनकडे द्यावेत. मोडेमला कोणता हवा ते 'एटी+सीबीएसटी' या आज्ञेने सांगतात: ७,०,१ म्हणजे ९,६०० व्ही.३२, समोर ॲनालॉग मोडेम; ७१,०,१ म्हणजे ९,६०० व्ही.११०, समोर आयएसडीएन. १३४,१,० म्हणजे ६४ किलोबिट मल्टिमीडिया. समोर आयएसडीएन असताना ७ ठेवलं तर दोन मोडेमचे सूर जुळवण्यात अर्ध्या मिनिटाच्या आसपास वाया जातं; ७१ वर जोडणी काही सेकंदांत होते. जुनी जीएसएम मीटर-रीडिंग यंत्रं सांभाळणाऱ्यांनी ही एक ओळ आधी बघावी.

खरी अडचण येणाऱ्या कॉलची. लँडलाइनवरून मोबाइलला कॉल आला, टीएमआर ३. हा माणूस बोलणार आहे, फॅक्स पाठवणार आहे की डेटा? मध्यरात्र यांनी लिहिलंय तसं मूळ एक्स्चेंजलाच माहीत नाही, मग मोबाइल जाळ्याला कुठून कळणार? म्हणून एकाच सिमला दोन-तीन नंबर देण्याची पद्धत आली: आवाजाचा एक, फॅक्सचा एक, डेटाचा एक. होम रजिस्टरमध्ये (जाळ्याच्या ग्राहक-नोंदवहीत) प्रत्येक नंबरापुढे त्याचा बेअरर लिहिलेला, आणि रोमिंग नंबर मागताना तो बेअरर सोबत जातो. एकच नंबर असेल तर जाळं सेटअप बेअररशिवाय पाठवतं आणि हँडसेट 'कॉल कन्फर्म्ड' मध्ये स्वतःचा प्रकार सांगतो. वरच्या क्यू.९३१ मध्ये न चालणारी गोष्ट इथे मुद्दाम चालवली आहे.

आपत्कालीन कॉलला बेअररवर सोडलेलं नाही. त्याचा मेसेजच वेगळा, 'इमर्जन्सी सेटअप', कोड ०ई. नंबर काय डायल केला हे जाळ्याने वाचण्याआधीच त्याला प्राधान्य मिळतं.

३जी व्हिडिओ कॉल म्हणजे चक्क ६४ किलोबिटचा यूडीआय कॉल; आत एच.२२३ ने चित्र आणि आवाज एकत्र बांधलेले. म्हणूनच समोरचा २जी मध्ये असला की व्हिडिओ कॉल लागायचा नाही आणि हँडसेट 'व्हॉइस कॉल करायचा का?' असं विचारायचा. पुढे सेटअपमध्ये दोन बेअरर एकत्र पाठवायची सोय आली, आधी व्हिडिओ, नाही जमलं तर आवाज.

---

मध्यरात्र

सिपबद्दल, कारण धागा तिथूनच सुरू झाला.

सिपच्या इन्व्हाइटमध्ये (कॉलच्या पहिल्या निरोपात) बेअरर केपेबिलिटीला स्वतःची जागा नाही. त्यातल्या एसडीपी या वर्णनात कोडेकची (आवाज बिटांत बदलण्याच्या पद्धतींची) यादी असते, आणि त्यावरून प्रकार ताडावा लागतो. ऑपरेटरांच्या आपसातल्या जोडणीत सिप-टी वापरून पूर्ण आयएएम सोबत नेता येतो. ग्राहकाच्या ट्रंकवर ते मिळत नाही. त्यामुळे गेटवे (सिप आणि पीआरआय जोडणारं यंत्र) पीआरआयकडे कॉल काढताना बेअरर स्वतःच्या मनाने भरतो, आणि बहुतेकांचं मूळ सेटिंग 'स्पीच'. फॅक्सचा दोष जुन्या ईपीएबीएक्समध्ये दुरुस्त केला आणि वर्षभराने गेटवे आला की तोच दोष परत येतो, तो यामुळे.

उलट दिशेला कारणांचंही भाषांतर होतं. आरएफसी ३३९८ या इंटरनेट मानकानुसार ५७ चा सिपमध्ये ४०३ होतो, ६५ आणि ७० चा ४८८, ५८ आणि ८८ चा ५०३. म्हणजे 'सध्या उपलब्ध नाही' आणि 'यंत्र जुळत नाही' या अगदी भिन्न गोष्टी सिपच्या बाजूने एकसारख्या दिसतात. रीझन हेडर चालू असेल तर मूळ आकडा त्यात सापडतो, म्हणून तो चालूच ठेवावा.

यूडीआय कॉल आयपीवरून न्यायचा असेल तर आरएफसी ४०४० मधला क्लिअरमोड, म्हणजे बिट जसेच्या तसे पॅकेटमध्ये. दर २० मिलिसेकंदांना १६० ऑक्टेट, त्यावर आयपी, यूडीपी, आरटीपीचे ४० ऑक्टेट, म्हणजे ८० किलोबिट आणि वर इथरनेटचं ओझं. पण बँडविड्थ हा यातला किरकोळ भाग. जिटर बफर (मागेपुढे येणारी पॅकेटं सांभाळून सलग देणारा साठा) स्थिर ठेवावा लागतो. बोलण्यासाठी वापरतात तो जुळवून घेणारा बफर शांततेत एखादा तुकडा गाळतो किंवा वाढवतो. कानाला कळत नाही, डेटाची रचना मात्र मोडते. शांतता ओळखणं बंद, हरवलेलं पॅकेट भरून काढणं बंद, इको बंद. आणि दोन्ही टोकांचं क्लॉक एकाच मूळावर.

क्लॉकचं थोडं सविस्तर सांगतो, कारण हा दोष बेअररच्या दोषासारखाच दिसतो. ई१ ची फ्रेम १२५ मायक्रोसेकंदांची. दोन टोकांत दशलक्षात १ भागाचा फरक असला तर दर १२५ सेकंदांनी एक फ्रेम गळते किंवा दोनदा येते. ५० भागांचा फरक, जो ई१ ला परवानगी असलेल्या मर्यादेत बसतो, तो असला तर दर अडीच सेकंदांनी. बोलताना एखादी हलकी टिक ऐकू येते, तीही लक्ष दिलं तर. फॅक्समध्ये काही ओळी जातात किंवा पान तुटतं. डेटात ठरावीक अंतराने सीआरसीचे दोष दिसतात. बेअरर चुकला तर माहिती सतत खराब असते. क्लॉक चुकलं तर घड्याळ लावावं तशा अंतराने. ई१ च्या काउंटरमध्ये 'स्लिप' बघा. शून्य नसेल तर आधी क्लॉकचा स्रोत एक्स्चेंजकडून घेतलाय का ते पाहा, बेअररला हात नंतर.

---

रेवदंडा

मार्ग खरोखर स्वच्छ आहे का हे तपासायचं असेल तर बिट एरर टेस्टर लावून एका बी चॅनेलवरून आपल्याच दुसऱ्या नंबराला यूडीआय कॉल करा, पलीकडे लूप करा, २०४७ बिटांचा नमुना सोडा. ६४ किलोबिटसाठी ओ.१५२ या मानकात हाच सांगितलाय. पंधरा मिनिटांत एकही चूक नको.

चुका आल्या तर त्यांचं रूप बघा. चुका फक्त प्रत्येक ऑक्टेटच्या शेवटच्या बिटात असतील तर वाटेत ५६ चा तुकडा आहे. सगळेच बिट विस्कटले असतील तर ए-लॉ/म्यू-लॉ बदल किंवा इको कॅन्सलर चालू राहिलाय. मधूनमधून नमुना सुटून परत जुळत असेल तर स्लिप.

इको कॅन्सलरचं एक सांगायचं राहिलं. ३.१ ऑडिओ कॉलमध्ये तो सुरुवातीला चालू असतो, आणि उत्तर देणारा मोडेम २,१०० हर्ट्झचा सूर, मधे मधे फेज उलटवत, सोडतो तेव्हा बंद होतो. साधा फॅक्स फेज न उलटवता सूर देतो, तेव्हा तो चालूच राहतो. म्हणून ३३,६०० च्या फॅक्सला आणि ९,६०० च्या फॅक्सला त्याच मार्गावर वेगळे अनुभव येतात.

---

पिंपळपान

७डी ०२ ९१ ८१ सापडलं, तसंच होतं. घटक पाठवणं बंद केल्यावर तोही नंबर लागला. आता शेवटचा प्रश्न: पुढच्या टप्प्यात पीआरआय जाऊन सिप येणार आहे. एका यंत्राला यूडीआय कॉल लागतो. तो टिकवायचा का सोडायचा?

---

सह्यवारा

@पिंपळपान, जपानचं उदाहरण बघण्यासारखं आहे. एनटीटी या टेलिफोन कंपनीने आपल्या आयएसडीएनची, आयएनएस-नेटची, 'डिजिटल मोड' सेवा जानेवारी २०२४ मध्ये बंद केली, पण त्याच लाइनवरचा 'बोलण्याचा मोड' चालू ठेवला. म्हणजे तार तीच, सॉकेट तेच, फोन वाजतोय. फक्त यूडीआय कॉलची ती सेवा उरली नाही. त्यावर चालणारे कंपन्या-बँकांमधले बरेच डेटा व्यवहार इंटरनेटवर हलवावे लागले. लाइन चालू आहे एवढ्यावर यूडीआय चालू आहे असं धरता येत नाही.

तेव्हा पुरवठादाराला 'आयएसडीएन सुसंगत आहे का' असं विचारू नका, होच म्हणतील. तीन प्रश्न लेखी विचारा: क्लिअरमोड तुमच्या ट्रंकवर आणि तुमच्या पलीकडच्या इंटरकनेक्टवर, दोन्हीकडे चालतो का, टीएमआर २ चा कॉल बाहेर जाताना तसाच राहतो का, आणि गेटवेला क्लॉक कुठून मिळतं. एकाचंही उत्तर गुळमुळीत आलं तर ते यंत्र थेट आयपीवर न्या.

---

तारवाला

सह्यवारा यांच्या यादीत चौथा घाला: फॅक्ससाठी टी.३८ (फॅक्स आयपीवरून नेण्याची खास पद्धत) आहे का, आणि नसेल तर जी.७११ ए-लॉ (न दाबलेल्या आवाजाचा कोडेक) वर नेताना शांतता ओळखणं त्या ट्रंकवर बंद करता येतं का. ट्रंक सुरू झाल्या दिवशी फॅक्सचा एक आणि साध्या बोलण्याचा एक, अशा दोन कॉलचे ट्रेस घेऊन जपून ठेवा. पुढे कधी गेटवेचं सॉफ्टवेअर बदललं आणि काही बिघडलं, तर तुलना करायला जुना सेटअप हाताशी असेल.